बारा वाजेपर्यंत गप्प

मला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं आमचे हे म्हणायचे. पण त्या दिवशी ठकूच्या ऑफिसात मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

ठकू म्हणजे माझी धाकटी. साऱ्या देशांनी मिळून जी मोठमोठी उद्दिष्टं ठरवलीत, गरिबी जावी, शाळा मिळावी, पाणी मिळावं, ती कुठवर आली हे बघणाऱ्या संस्थेत ती नोकरी करते. कागद रंगवायचे आणि कॉफी ढोसायची, दुसरं काय, असं मी तिला तोंडावर म्हटलं होतं. म्हणून तर तिनं मला मुद्दाम त्याच दिवशी नेलं.

"आई, घराजवळ पाणी आहे की नाही, एवढंच सगळे देश मोजतात," ती वाटेत सांगत होती. "मी एक प्रश्न वाढवलाय. ते पाणी भरतं कोण, आणि त्यात तिचा किती वेळ जातो?"

"मग विचारा की! अडलंय कुठं?"

"सगळ्यांची संमती लागते. मसुदा सगळ्या देशांना पाठवलाय. आज दुपारी बारापर्यंत कोणी हरकत कळवली नाही, तर मंजूर. टीचभर देशानं जरी नको म्हटलं, तरी बारगळला. आधी दोनदा बारगळलाय. या वेळी गेला तर कायमचा गेला."

म्हणजे गप्प राहिलं की होकार! मला हसू फुटलं. "मी नवी नवरी होते तेव्हा सासरी हीच पद्धत होती. म्हणून तर बोलायला शिकले."

ठकू हसली नाही. ती सारखं घड्याळ बघत होती.

गप्प राहायचा नियम देशांसाठी होता, पण ऑफिसच्या खोलीत कोणीच ब्र काढत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला चवड्यांवर चालत होता. शिट्टी वाजेल म्हणून कुणीतरी किटलीही बंद करून ठेवली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या देशांची नावं होती आणि प्रत्येकापुढची जागा कोरी होती. ती तशीच कोरी राहायला हवी होती.

मी त्या नावांकडे बघत राहिले. कुठे रात्र असेल, कुठे पहाट. यातल्या कितीतरी जणांत आपसात विस्तव जात नाही. आणि ते सगळे एकाच वेळी, माझ्या पोरीच्या एका प्रश्नासाठी, गप्प होते. एवढी मोठी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

बाराला थोडा अवकाश असताना संगणक किणकिणला. एका देशापुढची जागा भरली. समुद्रातलं एक बेट, नाव कधी ऐकलेलं नाही. ठकूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात त्या बेटाचा उद्धार केला.

ठकूच्या साहेबीणबाईंनी चष्मा लावून संदेश वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्या चक्क खुदकन हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. ठकूनं मला कानात सांगितलं, "तिथं हे सगळं काम एकटा माणूस बघतो. तो लिहितो, आमची हरकत नाही. पण एवढ्या चांगल्या गोष्टीला गप्प बसून हो म्हणणं मनाला पटेना, म्हणून मोठ्यानं हो म्हणतोय."

"म्हणजे मोडलं का गं?"

"नाही. हरकत आली तरच मोडतं."

मी त्या बेटाची मनातल्या मनात माफी मागितली.

बारा वाजले. बाकीच्या जागा कोऱ्याच राहिल्या. दाढीवाल्यानं आरोळी ठोकली, कुणी किटली लावली, सगळे एकदम बोलायला लागले. ठकू मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आता हा प्रश्न दारोदार विचारतील, आई. पहिला तुला विचारते. घरात पाणी कोण भरायचं?"

दारात नळ आला तोवर ठकू शाळेत जायला लागली होती. त्याआधीची वर्षानुवर्षं मी टेकडी उतरत होते, चढत होते. कोणी मला हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. एवढी बोलघेवडी मी, माझा आवाजच फुटेना.

"आई, बारा वाजून गेले," ठकू हळूच म्हणाली. "आता बोललीस तरी चालेल."

"मी," मी म्हटलं. "मी भरायचे. किती वेळ जायचा तेही सांगते. लिहून घे."