भरलेला तांब्या

"घरातला पडलेला माणूस हाका मारायचा थांबला, की त्याला आराम पडला असं समजू नको, बेटा," असं बांगड्या भरायला आलेली हसीनाबी म्हणाली, तेव्हा लताचं सगळं लक्ष बांगडीत होतं. हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली होती आणि मांडीवरची बेबी बांगड्यांच्या पेटीत हात घालायला धडपडत होती.

"आमच्याकडे तसं नाही हो," लता म्हणाली. "आता तब्येत चांगली आहे त्यांची. हल्ली तर हाकसुद्धा मारत नाहीत."

हसीनाबीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पंजा दाबून बांगडी चढवली आणि पुढची उचलली.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार-सहा दिवसांवर आली होती. शिरपुरात उन्हं अशी तापली होती की दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकत नसे. माहेरवाशिणींसाठी कडुनिंबांना झोके टांगले होते आणि घरोघर सांजोऱ्यांचा रवा भाजल्याचा वास सुटला होता. पाटलांच्या घरातही तो सुटला होता. ओट्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर चुडामणपर्यंत तो पोचतही असेल.

चुडामण म्हणजे लताचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. पलटणीत हवालदार होता. काश्मीरच्या लढाईत त्याची गाडी दरीत गेली, आणि पुण्याच्या लष्करी इस्पितळातून तो घरी आला तो खाटेवरूनच. पाय हलत नव्हते, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बाकी माणूस शाबूत होता. भूक कळे, तहान कळे, लागलेलं कळे. पण कोणी उचलून भांड्यावर बसवल्याशिवाय इलाज नसे.

धाकटा भाऊ लीलाधर सकाळी कापसाच्या जिनात कामाला जाण्याआधी त्याचं सगळं करी आणि दिवेलागणीला परत येऊन पुन्हा करी. मधला दिवस आई, सुगंधाबाई, सांभाळत असे. पण गेल्या दिवाळीत ती मोरीपाशी घसरून पडली आणि तिची कंबर गेली. आता तिला स्वतःलाच भिंत धरून चालावं लागे.

घरात धडधाकट अशी एक लताच होती. पिंप्राळ्याची मुलगी, जळगावच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. पण जेठासमोर भावजयीने पदर नाकापर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याला शिवायचं तर मुळीच नाही, हे तिला लग्नाच्या आठवड्यातच सांगून झालं होतं. जेवणाचं ताट ती उंबऱ्याच्या आत सरकवी, आणि सुगंधाबाई ते भिंतीच्या आधाराने खाटेपर्यंत नेई. रोज सकाळी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला जाई.

बोलायचं झालं तर मध्ये बेबी होती. अजून दात न आलेली, पण त्या घरातले सगळे निरोप तिच्यामार्फत जात.

"बेबी, विचार तुझ्या आबांना, चहा देऊ का?" लता दाराबाहेरून म्हणे.

"बेबी, सांग तुनी मायले, चहा नको. आज गुरुवार शे."

"बेबी म्हणते, चहाला कुठला आलाय गुरुवार."

"बेबीले सांग, पलटनमा जाई ये. मंग समजी."

बेबी तोंडातून बुडबुडे काढी. आतून बारीक हसण्याचा आवाज येई आणि बाहेर लताही पदराआड हसे. दिवसाकाठी त्या खोलीत झालेलं बोलणं पुष्कळदा एवढंच असे.

एक माणूस मात्र खिडकीशी येई. अभिमन त्याचं नाव. महारवाड्यातला, तोही लढाईवर गेलेला. उजव्या हाताची तीन बोटं तिकडेच राहिली. पुण्याच्या इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. स्वतःची जखम भरत आल्यावर चुडामणला उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं अभिमनच करू लागला होता. आता बाजाराच्या दिवशी तो गल्लीत उभा राहून गजांतून गप्पा मारी. कोणत्या सुभेदाराच्या मिशा खोट्या होत्या, हा त्यांचा अनेक वर्षं न मिटलेला वाद होता.

सुगंधाबाई पडली तेव्हा अभिमन ओट्याखाली येऊन म्हणाला होता, "अक्का, दुपारले मी येत जासू. तठे पुनाले बठ्ठं मीच करेल शे. माले सवय शे."

"तू भला माणूस शे रे," सुगंधाबाई म्हणाली. "पन मना घरमा चुल्हा शे, देव शेतस. खिडकीमाईन बोल ना, तुले कोन नही म्हनस?"

अभिमन ओट्याखालूनच परतला. खिडकीआत चुडामण जागा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चुडामणने उपास धरले. आधी गुरुवार, मग सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या. पुढे तर दिवा लागेपर्यंत पाणीही घ्यायचं नाही असं त्याने ठरवलं; रात्रीही लीलाधर हाताने पाजेल तेवढंच घेई. सुगंधाबाईला कृतार्थ वाटलं. "लढाईमाईन वापस उना, तो देवनाच व्हई गया मना चुडामण," असं ती येईल त्या बाईला सांगे. शेजारणी दारातूनच हात जोडून जात. सव्वीस जानेवारीला चार जणांनी त्याला खुर्चीसकट उचलून झेंडावंदनाला नेलं. भाषणं झाली, वीरपुत्र म्हणून हार घातला, फोटो निघाला. चौघांनीच त्याला परत खाटेवर आणून ठेवलं. हार अजून खुंटीला होता, वाळून काळा पडलेला.

आखाजीच्या तोंडावर बेबीला जुलाब लागले. डॉक्टरांनी पूड दिली आणि म्हणाले, "लंगोट ओलं होतंय ना, तेवढं बघत जा. फार वेळ कोरडं राहिलं तर उशीर करू नका, घेऊन या." लताच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. पोळी लाटताना, पाणी भरताना ती मध्येच जाऊन लंगोट चाचपून बघे. कोरडं लागलं की हातातलं काम टाकून ती बेबीला चमच्याने पाणी पाजू लागे. लीलाधर म्हणालाही, "अगं, झोपू दे तिला. सारखी काय चाचपतेस?" सणाच्या सकाळी बेबीने तिचं नवं लुगडं मांडीभर भिजवलं, तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू फुटलं.

मग ती लंगोट धुवायला मागच्या अंगणात गेली. दोरीवर वाळत घालताना तिला भिंतीशी उपडं ठेवलेलं भांडं दिसलं. चुडामणचं. तिने सहज हात लावला. तापून कोरडं ठणठणीत झालं होतं. काल दुपारीही ते असंच होतं. परवाही. रात्री ते धुताना लीलाधर म्हणे, "दादाचं काही जास्त नसतंच." ती हातातलं लंगोट तसंच धरून उभी राहिली.

पुढच्या घरात भाऊबंद जमले होते. पाटावर मातीची घागर काठोकाठ भरली होती, तिच्या तोंडावर खरबुजासारखं डांगर, सांजोऱ्या आणि आंबे. लीलाधर उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेका पितराचं नाव घेत होता आणि त्या नावाने पाणी सोडत होता. गेलेल्यांना उन्हाळ्यात गार पाणी मिळावं म्हणून.

लता बेबीला खांद्यावर घेऊन खोलीच्या दाराशी गेली. उशाशी तांब्या भरलेला होता. पाण्यावर धुळीची साय आली होती आणि एक मुंगी तरंगत होती. चुडामणचे ओठ पांढरे पडून उलले होते. निरोप सांगायला बेबी जागी नव्हती. खांद्यावर गाढ झोपली होती.

"दादा," लता म्हणाली, "तुम्ही पाणी का पीत नाही?"

चुडामणने दचकून तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यालाही तेच शिकवलेलं होतं. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "उपास शे."

"मी रोज लंगोट धुते, दादा. मला कळतं."

बाहेर लीलाधरने आणखी एक नाव घेतलं. पाणी पडल्याचा आवाज आला.

"पानी पोटमा गयं का दुपारले भांडं लागस," चुडामण भिंतीशी बोलला. "लीलाधर दिवा लागना का येस. तवलगून कोनले हाक मारू? मायनी कंबर गयी. एक डाव थांबायनं नही माले. दिवसभर तसाच पडेल व्हतू. माय दारमा उभी ऱ्हाईसन रडनी. देवना उपास शे म्हंतं का कोनी इचारस नही."

"मी करते तुमचं. आत्ता."

"नको, बेबीनी माय. तुमना हातथीन नको. माले त्यानापेक्षा मरन बरं." त्याने डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढली. "त्याले बलावा. अभिमनले. त्यानी माले लाज वाटत नही."

लताने तांब्या उचलला आणि पुढच्या घरात आली. पदर खांद्यावर होता; तिच्या ध्यानातही नव्हतं. पुरुषमाणसांनी माना खाली घातल्या.

"अहो," ती लीलाधरला म्हणाली, "घागरीचं थांबवा जरा. दादांना पाणी प्यायचंय. आणि पाणी प्यायचं तर दिवसा जवळ माणूस पाहिजे. अभिमनला बोलवा."

लीलाधरच्या बोटावरचं कुंकू तसंच राहिलं. "हे आत्ता काढायचं का? लोक बसलेत."

"शिकेल बाई शे ना," एक चुलता घागरीकडे बघत म्हणाला. "आते जेठसंगे बोलस. उद्या पंचासमा बठी."

सुगंधाबाई भिंत धरून उठली. "तो मना घरमा येवाव नही. तुले मांगेच सांगेल शे."

"मग मी करीन, आत्याबाई. दार उघडं ठेवून, या सगळ्यांच्या देखत. ते नको म्हणतात, मरण बरं म्हणतात, तरी करीन. दोन्हींतलं एक तुम्ही सांगा."

तिने तांब्या सासूच्या हातात दिला. सुगंधाबाईने आत पाहिलं. बोटाने मुंगी बाजूला केली.

"सकायना शे?"

"काल सकाळचा. आज मी बेबीपायी नवा भरायला विसरले. तरी घोटभर कमी झालेला नाही."

सुगंधाबाई तांब्या धरूनच खाली बसली. गेले पाच महिने त्या उपासाचं कौतुक ती येईल त्या बाईला सांगत आली होती. तिची नजर घागरीवरून खोलीच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज एवढा हळू होता की लीलाधरला वाकावं लागलं.

"जाय, त्याले लई ये. मांगला दारथीन नको. आठूनच आन."

दोघे-तिघे पंक्तीची वाट न बघता उठून गेले. चुलता जाताना लीलाधरला म्हणाला, "तुना घरनं पानी आते आमले चालाव नही." लीलाधर कुंकवाचं बोट पुसत उठला. टोपी घालून बाहेर पडला.

अभिमन आला. जोडे काढून, सवयीने, तो खिडकीकडेच वळला. तेव्हा आतून हाक ऐकू आली. घसा कोरडा पडलेली, फाटकी, पण हाक. कित्येक आठवड्यांत त्या खोलीतून आली नव्हती.

"अभिमन, मधमा ये. ऑर्डर शे."

अभिमन उंबरठ्याशी क्षणभर थांबला. कुंकवाची ओली बोटं चुकवून त्याने पाय आत टाकला. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आतून दोघांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. वाद पुन्हा त्या सुभेदाराच्या मिशांवरच आला होता. लताने तांब्या घासला, नव्याने भरला आणि या वेळी स्वतः खाटेपर्यंत नेऊन ठेवला.

इथे ही गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण शरीर असले हिशेब विसरत नाही. पावसाळ्यात चुडामणला ताप येऊ लागला. इतके दिवस तहान मारल्याने मूत्रपिंडं खराब झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो नवरात्रापर्यंत जगला. त्या दिवसांत तो पोटभर पाणी पीत असे. अभिमन दुपारी येई, आणि तो आल्यावर सुगंधाबाई चुलीवर चहाचं आधण ठेवी. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी येणं-जाणं सोडलं होतं. चुडामण मात्र लताशी सरळ बोलू लागला होता. झेलमचं पाणी किती गार असतं, हे त्याने तिला सांगितलं. मधे बेबीला न घालता.

पुढच्या आखाजीला उंबरठ्यावर कुंकवाचं एक बोट जास्त ओढायचं होतं. लीलाधरचा हात तिथे अडला. शेवटी सुगंधाबाईने अभिमनचा तीन बोटं नसलेला हात धरून पुढे आणला आणि तिच्या मुलाच्या नावाने पाणी त्याच्या हातून सोडवलं.

वाचकहो, ही गोष्ट तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही घरी घागर भरायची तयारी चालली असेल. पितरांचं पाणी जरूर सोडा. पण तुमच्या गावात, कदाचित तुमच्याच आळीत, लढाईवरून आलेला एखादा माणूस खाटेवर पडून असेल. झेंडावंदनाला त्याला हार घालणाऱ्यांत तुम्हीही असाल. घरात माणसं आहेत त्याची, तेव्हा सगळं ठीकच असेल, असं तुम्हाला वाटत असेल. लतालाही वाटलं होतं. म्हणून सण व्हायची वाट बघू नका. उद्या दुपारी, घरचे पुरुष कामावर गेले असतील तेव्हा, त्याच्याकडे जा. उशाशी तांब्या असेल, तो उचलून पाहा. भरलेला लागला आणि तो म्हणाला की आज उपास आहे, तर तेवढ्यावर परत फिरू नका. दारातच बसा, आणि कोणाला बोलावू, म्हणून विचारा.