दादाने सांगितलेला जबाब

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती सहा वर्षं कापणीच्या मशीनवर होती. काम भराभर उरकावं म्हणून मुकादमाने पात्यापुढची जाळी काढून टाकली आणि चौथ्या दिवशी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

पोलीस आले तेव्हा पट्टी बांधलेल्या हातानेच तिने सगळं खुणांनी सांगितलं. शेजारी बसलेला दादा हवालदाराला एकेक खूण बोलून दाखवत होता. तिला वाचता यायचं जेमतेम. दादा आहे म्हटल्यावर बघायचं काय? हवालदाराने लिहिलेल्या जबाबावर तिने सही ठोकली.

नऊ महिन्यांनी पोलिसांनी प्रकरण मिटवायला काढलं, म्हणून कोर्टाने तिला बोलावलं. या वेळी खुणांची भाषा जाणणाऱ्या एक बाई हजर होत्या. न्यायाधीश जबाब वाचू लागले आणि बाईंचे हात हलू लागले.

‘जाळी मीच काढली. काढू नको म्हणून मुकादमांनी मला बजावलं होतं. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.’

बाई नवख्या दिसताहेत, तिला वाटलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

‘हे कुणी सांगितलं?’ तिने विचारलं.

न्यायाधीशांनी कागद उलटला. “दुभाषा म्हणून तुमच्या भावाची सही आहे.”

घरातली बाकीची माणसं तिला कोपराने ढोसून बोलवायची. खुणा शिकला होता एकटा दादा. लहानपणी शेजारच्या खडूस काकूंसाठी दोघांनी मिळून खास खूण काढली होती आणि काकूंच्या देखत ती करून हसले होते.

तिने वळून पाहिलं. दादा मागच्या बाकावरून उठला.

“साहेब, मीही तिथेच कामाला आहे. मुकादम म्हणाला, बहिणीची बोटं तर गेलीच, आता तुझंही काम घालवतोस का? मी घाबरलो.”

बाईंनी तेही तिला जसंच्या तसं सांगितलं.

“भावाला बाहेर थांबवा,” न्यायाधीश म्हणाले. “जबाब नव्याने घेऊ.”

तिचे हात इतक्या घाईने चालले, की पहिल्या खुणा बाईंना कळेचनात. ती पाणी प्यायली आणि तिने जाळी निघाली त्या सकाळपासून सुरुवात केली. तासभर लागला. प्रकरण मिटलं नाही. मुकादमाच्या नावाने समन्स निघालं.

बाहेर दादा भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल. ‘चल, घरी,’ त्याने खूण केली.

ती बघत राहिली. तो नक्की काय म्हणाला, हे बाईंना विचारावं, असं तिच्या मनात आलं.