इंजिनाचा ढेकर

तिसऱ्याच फेरीत गाडी ट्रॅकबाहेर काढायचा काळा झेंडा फडकला आणि सुनेने कपाळाला हात लावला. नणंदेची पिवळी रेसगाडी निळा धूर सोडत, चोरासारखी हळूच पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागी शिरली. ट्रॅकवर सांडलेल्या तेलावर भुसा टाकायला दोन माणसं घमेली घेऊन धावली. सलग तिसरी शर्यत, सलग तिसरा झेंडा.

बॉनेट उघडलं, तर ऑइल मोजायची काडी नळीतून उडून एक्झॉस्टवर आडवी झोपलेली आणि सगळीकडे तेलाचा सडा.

सासऱ्यांनी ती काडी उचलून पुसली. हे इंजिन त्यांनी स्वतः बांधलं होतं. कान असा तयार की रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, ते जेवताजेवता सांगायचे.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील," ते म्हणाले. "नाहीतर मीच गेलोय."

"बाबा, काहीतरीच काय!" नणंद ओरडली. पण तिचाही चेहरा पडला होता.

घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी ती काडी तारेने करकचून बांधली. गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवली, तर तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून यायला लागलं.

"तोंड दाबलं, तर नाकातून आलं," सून म्हणाली.

सासऱ्यांनी वळून पाहिलं. लग्नानंतरच्या आठ वर्षांत सुनेने गॅरेजमध्ये दिवा धरला होता, पाने पुसले होते, पण मत कधी दिलं नव्हतं. तिचा धंदा वेगळा. दूध काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करत ती गोठेगोठे फिरायची. तिला पंप कळत, नळ्या कळत, आणि हवा कुठे कोंडली की काय करते, हे तर फारच चांगलं कळे.

"बाबा, रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा खाली निसटतोच ना? तो या खालच्या पोटात, क्रँककेसमध्ये साठतो. बाहेर जायला वाट किती? ही एक बोटभर नळी. एवढं मोठं पोट आणि एवढंसं नाक! बिचाऱ्याने ढेकर द्यायचा कुठून?"

"पूर्वी पुरत होती ती नळी."

"पूर्वी तुम्ही त्याला मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर पळवत नव्हता."

सासरे ती बोटभर नळी निरखू लागले. नणंद मात्र टुणकन उठली. "वहिनी, सिद्ध करून दाखव!"

सुनेने पारदर्शक नळी यू आकारात वाकवली, तिच्यात लाल रंगाचं पाणी भरलं आणि एक टोक काडीच्या भोकात घट्ट बसवलं. आत दाब असेल तर पाणी दुसऱ्या बाजूला चढेल, एवढं साधं. सासरे चष्मा सावरून नळीवर वाकले. "बाबा, जरा लांबून—" सून म्हणेपर्यंत नणंदेने ॲक्सिलरेटर दाबला होता.

सगळं लाल पाणी सासऱ्यांच्या मिशांवर.

सासरे मिशा पुसत म्हणाले, "दाब आहे." आणि जे हसत सुटले, ते थांबेचनात. नणंद स्टिअरिंगवर डोकं आपटत हसत होती. सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं. रिंगा ठणठणीत होत्या, सासऱ्यांचे हात ठणठणीत होते. इंजिनाला फक्त वारा धरला होता!

मग कामाला नुसता ऊत आला. इंजिनाच्या दोन्ही झाकणांवरून अंगठ्याहून जाड नळ्या काढल्या. त्या एका डब्यात सोडल्या. डब्यात आडवे पत्रे आणि जाळी, म्हणजे वाफेबरोबर आलेलं तेल अडून पुन्हा खाली उतरेल. एवढ्यावर भागलं असतं. पण सून आपल्या गाडीच्या डिकीतून गोठ्यातला जुना, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप घेऊन आली.

"वायू बाहेर येण्याची वाट कशाला बघायची? ओढूनच काढू."

"माझ्या इंजिनाचं दूध काढणार तू?" सासऱ्यांनी विचारलं. पण पंप इंजिनावर फिरवायला लागणारा पट्टा तेच शोधत होते.

पहिल्या खेपेला पंपाने इतकं जोरात ओढलं, की मागचं सील बारीक शिट्टी वाजवायला लागलं आणि ऑइलचं झाकण सासऱ्यांना दोन्ही हातांनी उघडेना. नणंदेने मागून त्यांची कंबर धरून ओढलं. सुनेने इंजिन बंद केलं, फुस्स करून झाकण सुटलं आणि बापलेक दोघं टायरांवर उताणे.

सुनेने पंपाला मोठी पुली बसवली, म्हणजे तो सावकाश फिरेल. वर गोठ्यातलाच व्हॉल्व्ह लावला, म्हणजे ओढ ठरावीक हद्दीपुढे जाणार नाही. शिट्टी बंद. इंजिन असं घुमायला लागलं की सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या शर्यतीला तपासनीस बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभा होता.

"हे काय आहे?"

"गाईंचा पंप," नणंद म्हणाली.

त्याने नियमांचं पुस्तक मागेपुढे चाळलं. "गाईंबद्दल काही लिहिलेलं नाही," असं पुटपुटत त्याने शिक्का मारला.

बारा फेऱ्या. तिसरी फेरी आली तेव्हा सासऱ्यांनी सुनेचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बांगड्या रुतल्या. पिवळी गाडी समोरून गेली. धूर नाही. चौथी, पाचवी. सातव्या फेरीत नणंदेने एकाला मागे टाकलं, नवव्या फेरीत आणखी दोघांना. "ओढ गं बाई, ओढ!" सासरे किंचाळले. ते लेकीला म्हणाले की पंपाला, कुणालाच कळलं नाही.

ती दुसरी आली. पण पिटमध्ये असा दंगा उसळला की पहिला आलेला ड्रायव्हर गोंधळून फलकावरचा निकाल पुन्हा बघून आला. नणंदेने हेल्मेट न काढताच वहिनीला उचललं आणि गरागरा फिरवलं.

"अगं सोड, चक्कर येतेय!"

"येऊ दे!"

सासरे तिथे नव्हतेच. ते या तंबूतून त्या तंबूत जाऊन ओळखीच्या-अनोळखी लोकांना दंडाला धरून आणत होते. "चला, बघायला चला. माझ्या सुनेने केलंय. नाही हो, सुनेने! मी फक्त पट्टा शोधला." दोन मेकॅनिक आले, चार झाले, मग रांगच लागली. प्रत्येकाला ते नळ्या, डबा, जाळी सगळं पहिल्यापासून समजावत होते, आणि चुकले की सून मागून दुरुस्त करत होती. सातव्या माणसाला त्यांनी लाल पाण्याची गोष्ट अभिनयासकट सांगितली, तेव्हा नणंद-भावजया टायरांच्या ढिगावर एकमेकींना धरून बसल्या होत्या, आणि हसून हसून दोघींनाही उचक्या लागल्या होत्या.