केंटकीचं पिंप, चँडलरचं पाणी

मित्रांनो, अंगणात तोंड वासून बसलेलं मी एक जुनं ओकचं पिंप आहे. सध्या मुक्काम ॲरिझोनात, चँडलरला, नरेंद्रच्या घरी. जन्म मात्र केंटकीचा. तिथे फळ्या उन्हापावसात वाळवल्या, वाफेवर वाकवल्या आणि लोखंडी पट्ट्यांत आवळल्या. ना खिळा, ना डिंक. मग पोटात चक्क आग लावली! आतून पार कोळसा. घाबरू नका, खरी गंमत त्या कोळशातच असते.

माझ्यात बर्बन व्हिस्की भरली. ती तुमच्या कामाची नाही, पण गोष्ट ऐका. निम्म्याहून जास्त मका, जोडीला दुसरं धान्य. सगळं दळून शिजवायचं, आंबवायचं, त्याची वाफ धरून थंड करायची. निघते ती अगदी पाण्यासारखी. वरून रंग घालायचा नाही की स्वाद, असा इथला कायदा. ते आम्हीच द्यायचं. उन्हाळ्यात ती माझ्या लाकडात शिरायची, हिवाळ्यात परत फिरायची. गोदामाच्या अंधारात सहा वर्षं अशी अर्धवट झोपेत गेली. ती तांबूस होत गेली. थोडी हवेत उडायची, त्याला कामगार देवदूतांचा वाटा म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

मग मला रिकामं केलं. बर्बनला दरवेळी कोरंच पिंप लागतं. माझी काही भावंडं परदेशी गेली, दुसरी दारू मुरवायला. माझं झाकण कापून मला बागेच्या दुकानात ठेवलं. पुन्हा एकदा काठोकाठ भरावं, एवढीच माझी इच्छा होती.

नरेंद्र चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. गणपती विसर्जनासाठी त्याने मला आणलं आणि पठ्ठ्याने आठवडाभर उन्हात तसंच ठेवलं! फळ्या आकसल्या, पट्ट्या सैल झाल्या. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पाणी ओतलं, तर सगळं भेगांतून अंगणात. सोबत माझा वासही.

नागपूरहून आलेल्या त्याच्या आई, सुवर्णाताई, वाकून म्हणाल्या, "यात काय होतं रे?"

"ॲक्च्युअली, व्हिस्की. पण मी रिन्स केलंय, आई."

"दारूच्या पिंपात माझा गणपती?"

"मग टाकून देऊ. तसंही लीक होतंय. बादलीत करू."

व्हिस्की कशाची करतात, ते सुवर्णाताईंनी विचारलं. नरेंद्रने सांगितलं.

"मका आणि लाकूड, एवढंच ना? स्वच्छ धुऊ. आणि गळतंय म्हणून लगेच टाकायचं? माझ्या बाबांच्या बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात अशीच सैल व्हायची. भिजत घातली की घट्ट."

तीनदा धुतलं मला. अंगाभोवती ओले टॉवेल गुंडाळले, पाइप बारीक सोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची धार थांबली. मी भरलेलं होतं, मित्रांनो! संध्याकाळी आरती झाली आणि शाडूची मूर्ती हळूच माझ्यात उतरली. माती सुटत गेली, पाणी गढूळ झालं, मला गुंगी आल्यासारखं झालं. इतकं जपून मी आजवर काही धरलं नव्हतं.

ते पाणी झाडांना गेलं. गुरुवारी सुवर्णाताईंचं विमान होतं. निघताना त्यांनी नरेंद्रला बजावलं, "याला रिकामं ठेवू नकोस. रोज पाणी घाल."

"रोज?"

"रोज. तू मला करतोस तसा रविवारचा एक फोन याला पुरायचा नाही."



आता नरेंद्र रोज ऑफिसला जायच्या आधी येतो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. "हो आई, घातलं," म्हणतो, आणि मी भरल्यावरही बराच वेळ बोलत उभा राहतो. मित्रांनो, तुमचंही कुणी असं वाळत बसलं असेल, तर रविवारची वाट पाहू नका.