तळघरातलं भरीत

असोद्यातलं किंवा आसपासच्या पाच गावांतलं पोरगं परदेशात शिकायला निघालं की त्याचा बाप त्याला आधी माझ्याकडे आणायचा. मी योगराज. तीन वर्षं मस्कतला वेल्डर होतो. परत येऊन सत्तावीस वर्षं झाली, पण मस्कतवाला हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी खाटेवर मांडी घालून सल्ले द्यायचो. पासपोर्टची झेरॉक्स बनियनच्या आत शिवून घे. कुकरची रिंग जास्तीची ने. कोणी फार गोड बोललं तर आधी खिसा चाचप. पोरं माना डोलवायची आणि मला, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

पुतण्या पियुषला तर मी सल्ल्यांनी ठासून भरून पाठवला. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा तो नववीत होता. सुनिता वहिनी, पियुष आणि धाकटी रोशनी, तिघांचं बरंवाईट तेव्हापासून मीच बघतो. पियुषला इंग्लंडात लीड्सला प्रवेश मिळाला, तर तिथल्या कॉलेजानं चौसष्ट पानांचं पुस्तक पाठवलं, तिकडे कसं राहायचं याचं. निघायच्या आधी रोशनी ते मोठ्यानं वाचत बसली होती.

"खोलीत कोळसा किंवा मेणबत्ती पेटवू नये," ती वाचत होती. "छतावरच्या अलार्मला हात लावू नये."

"ज्यांनी जन्मात चूल पाहिली नाही, त्यांच्यासाठी छापलंय ते," मी म्हणालो. "चल, बॅग बांध."

सगळे हसले. पियुषही हसला. पण पोरगं मुळात सरळ. तिथं पोचल्यावर त्यानं मेघा नावाच्या मुलीचा नंबर रोशनीला पाठवला. ती धुळ्याची, त्याच्याच वर्गात शिकणारी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिथल्या एका तरी माणसाचा नंबर घरी असावा, असं पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. त्यावरूनही मी रोशनीला महिनाभर चिडवून घेतलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या मळ्यात भरिताचा बेत होता. वांगी घरचीच, हिरवीपांढरी, एकेक अर्ध्या किलोचं. कपाशीच्या काड्या रचून ठेवलेल्या. लाकडी बडगीत ठेचायला मिरची, लसूण, शेंगदाणे सगळं तयार. वहिनीचा मात्र पाय निघेना. "तो तिकडे ब्रेड खातोय आणि आपण भरीत करायचं का?" असं म्हणत ती डोळे पुसत होती. मग मीच युक्ती काढली. म्हटलं, पियुषला व्हिडिओवर घेऊ, तोही तिकडे भाजेल, आपण इकडे भाजू. म्हणजे तो लीड्सला असला तरी एकाच पंगतीला बसल्यासारखं.

पोराला हुरूपच आला. वांगं काळं आणि बारकं मिळालं, पण मिळालं. त्याच्या खोलीतली शेगडी विजेची, सपाट, तिच्यावर काही भाजता येईना. म्हणून त्यानं दुकानातून कोळसा भरलेला पत्र्याचा ट्रे आणला. उन्हाळ्यात गोरे लोक बागेत मांस भाजायला तो वापरतात. दुपारचे बारा वाजले होते तिकडे, आमच्याकडे साडेपाच. तो ट्रे घेऊन मागच्या अंगणात गेला, तर बर्फाचा पाऊस. काडी काही धरेना. फोनमध्ये त्याची बोटं लालभडक दिसत होती.

"राहू दे रे बाळा," वहिनी म्हणाली.

"राहू दे काय? आत घे तो ट्रे," मी म्हणालो.

"काका, आत चालत नाही. अलार्म वाजतो. पूर्ण बिल्डिंग खाली उतरते."

"अलार्मला पिशवी बांध. रबर लाव घट्ट. आणि खिडकी लावून घे, नाहीतर निखारा फुलणार नाही आणि तू गारठशील."

तो क्षणभर फोनकडे बघत राहिला. मला ते अजून दिसतं. मग तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर करतो." खोली तळघरात होती, खिडकी छताला टेकलेली, वीतभर उंचीची. वहिनीनं शेव भरून दिलेली जळगावच्या साडीच्या दुकानाची निळी पिशवी होती, तीच त्यानं खुर्चीवर चढून अलार्मला बांधली.

आमच्या काड्या भडकल्या, त्याचा कोळसा पेटला. सुरुवातीला धूर झाला, पोरगं खोकलं, हसलं. मग धूर विरला आणि ट्रेमध्ये नुसते लालबुंद निखारे राहिले. वांगं त्यानं झकास भाजलं. साल काढताना हात पोळला तर आईच्या नावानं ओरडला. ताटलीत चमच्यानं ठेचून, वर तेल ओतून त्यानं ते कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर चार महिन्यांनी हसू आलं.

"निखारे विझवू नको," मी सांगितलं. "धूर नाही काही नाही. शेकत बस. हिटरचं बिल वाचेल."

आम्ही केळीच्या पानांवर जेवायला बसलो. फोन पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवला होता. पियुष पलंगावर बसून खात होता. थोड्या वेळानं म्हणाला, डोकं दुखतंय. मी म्हटलं, थंडीनं असेल. मग म्हणाला, मळमळतंय. मी म्हटलं, सवय मोडली तुझी, तेल जड गेलं. सगळे हसले. "पड जरा," मी म्हणालो. "खोली गरम आहे, छान झोप लागेल." त्यानं ताटली बाजूला ठेवली आणि आडवा झाला. फोन त्याच्या हातातून निसटून उताणा पडला.

आता पडद्यावर फक्त छत दिसत होतं आणि ती निळी पिशवी.

आमच्या पंगतीला हिलाल नाना होते. धुळ्याकडचे, पण उमर आमच्याकडे केळीच्या वखारीत गेली. पूर्वी बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवायचे, तेव्हाचे ते जुने कामगार. त्यांचं लक्ष फोनकडे गेलं. घास तसाच हातात.

"योगराज, खिडकी लायेल शे का?"

"हो, लावलीय. बर्फ पडतोय तिकडे."

"आनि कोयसा?"

मी कॅनला टेकवलेला फोन उचलला. मस्कतला जाण्याआधी मी स्वतः दोन हंगाम नानांच्या हाताखाली वखारीत काढले होते. सकाळी दार उघडलं की घटकाभर बाहेर बसायचं, मगच आत पाय टाकायचा. विचारायचीही गरज नव्हती, लहान पोरालाही ते ठाऊक. धूर दिसत नसला तरी कोंडलेला वायू माणसाला झोपेतच मारतो, आत थांबायचं नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याला खिडकी लावायला सांगितली.

"पोऱ्याले उठाड," नाना उठून उभे राहिले. "आत्ते उठाड त्याले."

मी हाका मारल्या. वहिनीनं मारल्या. हळूहळू मळ्यातली वीस माणसं त्या फोनवर ओणवी होऊन पियुष, पियुष करायला लागली. पिशवी हलत नव्हती. खाली कुठेतरी जड घोरल्यासारखा आवाज येत होता, आणि तो आवाज मधेच थांबायचा. आवाज थांबला की वहिनी माझं मनगट धरायची. तिची नखं रुतत होती, मी हात सोडवला नाही.

रोशनी तोवर बांधावर जाऊन दुसऱ्या फोनवरून मेघाला लावत होती. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मुलगी लायब्ररीत होती, फोनचा आवाज बंद. तिसऱ्यांदा उचलला. रोशनी एवढंच बोलली, "पियुषच्या खोलीत कोळसा पेटलाय, दार बंद आहे, तो उठत नाही." मेघानं एक शब्द जास्तीचा विचारला नाही. त्यांच्या अग्निशमनवाल्यांना कळवून ती स्वतः पळत सुटली. तिनंही ते पुस्तक वाचलं असणार.

सतरा मिनिटं लागली. मग दार फुटल्याचा आवाज, बुटांचे आवाज, पडद्यावर पिवळा हातमोजा आला आणि त्यानं पिशवी ओढून काढली. त्याबरोबर अलार्म किंचाळायला लागला. असोद्याच्या मळ्यात, विझत्या काड्यांपाशी, तो आवाज किती वेळ येत राहिला. कोणी फोन बंद करायला धजेना.

मेघाचा फोन आला. श्वास चालू आहे, दवाखान्यात नेलंय, डोळे उघडत नाही. रडत रडत तिनं विचारलं, "इथले लोक विचारताहेत, अलार्मला पिशवी त्यानं स्वतःहून बांधली का?"

रोशनीनं फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. वहिनीनंही पाहिलं.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "माझं नाव सांग त्यांना."

वहिनीनं माझं अर्धं जेवलेलं पान उचललं आणि नेऊन टाकलं.

चौथ्या दिवशी पियुषनं डोळे उघडले. तिथल्या लोकांना त्यानं सांगितलं, "पिशवी मीच बांधली, काकांचा काही संबंध नाही." डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, बाकीचं हळूहळू बघू. मेघा त्याला परत आणतेय पुढच्या आठवड्यात. गावातली पोरं आता सल्ल्याला आली तर मी त्यांना रोशनीकडे पाठवतो. तिच्याकडे ते पुस्तक आहे.

पियुष रोज संध्याकाळी फोन करतो. चेहरा तोच, आवाज तोच, फक्त शब्द शोधत बोलतो. वहिनी शेजारी बसलेली असते.

"काका, खिडकी उघडी ठेवू का?" तो विचारतो.

"ठेव," मी म्हणतो.

मग तो जेवणाचं सांगतो, मेघाचं सांगतो, बर्फ थांबला म्हणतो. पाच मिनिटं जातात.

"काका," तो म्हणतो, "खिडकी उघडी ठेवू का?"

वहिनी पदर तोंडाशी धरते. मी फोन जवळ घेतो आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगतो, "ठेव रे बाळा, ठेव."