दोन डफडी

वैनगंगेचा पूर ओसरला तेव्हा आमच्या वस्तीत भिंती कमी आणि चिखल जास्त होता. घरं काय, पुन्हा उभी राहतात. पण आमच्या गायन पार्टीची पेटी वाहून गेली आणि ढोलकाचं नुसतं लाकूड बाभळीत अडकलेलं सापडलं, तेव्हापासून माझी सासू शेवंताबाई धड जेवली नव्हती. पार्टीची मुख्य गाणारी तीच. तिच्या तोंडून बाबासाहेबांची गाणी ऐकायला रामपायलीकडची माणसं बैलगाडी जुंपून यायची. मी तिच्या मागे झांज वाजवायची, आणि घरी तिची बोलणी खायची.

दसरा तोंडावर आला होता. दसऱ्यालाच बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आमच्या लोकांनीही घेतली, म्हणून त्या संध्याकाळी विहारापुढे गाणं व्हायचंच. आजवर कधी चुकलं नव्हतं.

पूरग्रस्तांसाठी शहरातल्या मोठ्या लोकांनी समिती काढली होती. तिचे पुढारी गुणाकर वकील. मनानं वाईट माणूस नव्हे. काय काय गेलं, असं त्यांनी विचारलं.

"पेटी अन् ढोलक," सासू म्हणाली. "भांडेकुंडे नाही भेटले तरी चालन."

पुढं समितीची जीप आली. वकीलसाहेबांनी स्वतः उतरून सासूच्या हातात काय ठेवलं, तर दोन कोरी करकरीत डफडी.

"पेटी महाग पडते हो बाई. आणि हे तर तुमचं पिढीजात वाद्य. दसऱ्याला आमच्या मिरवणुकीपुढे वाजवा, चार लोक ऐकतील."

माझं डोकं सणकलं. पिढीजात म्हणे! माझा आजेसासरा डफडं वाजवायचा, खरं आहे. लोकांच्या वरातीपुढे उन्हातान्हात बडवायचा आणि शेवटी उष्टं घेऊन घरी यायचा. दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीतल्या सगळ्यांनी आपापली डफडी याच वैनगंगेत बुडवली होती. नदीनं आमची पेटी नेली, आणि आम्ही बुडवलेलं डफडं साहेबांनी आम्हाला परत आणून दिलं.

मला वाटलं, सासू दोन्ही डफडी जीपवर फेकून मारणार. ती फक्त "हौ" म्हणाली आणि घरात गेली.

मी तणतणत मागे गेले. "आत्याबाई, वाजवाचं हाय का तुमाले?"

"तोंड आवर. सुखराम कुठी हाय?"

सुखराम माझा नवरा, पार्टीचा ढोलकवाला. मलाजखंडच्या नव्या खाणीत कामाला होता, पुराची बातमी ऐकून सुटी काढून आला होता. मागच्या अंगणात ढोलकाचं खोड पुसत बसला होता. लाकूड शाबूत होतं, दोन्ही तोंडांचं कातडं मात्र सडून गेलेलं. सासूनं डफडी त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं कातड्यावर बोट फिरवलं. "चांगलं हाय, माय."

"मंग पाहून काहून राह्यला? काढ."

त्यानं डफड्यांची कातडी भिजवून लोखंडी कड्यांवरून सोडवली, मापानं कापली, खोडावर चढवली आणि दोरी आवळली. ऊन सरकेल तसा सासू ढोलक सरकवत राहिली. वाळल्यावर सुखरामनं थाप मारली, आणि मी रडले. त्यात लाज कसली?

दसऱ्याच्या सकाळी वकीलसाहेब जीप घेऊन आले, वाजवणाऱ्यांना न्यायला. सासूनं दोन रिकामी लोखंडी कडी त्यांच्या हातात दिली.

"हे काय? कातडं कुठे गेलं?"

"ढोलकाले लागलं. कडे आमच्या कामाचे नाही, तुमी ठेवा. संध्याकाळी या गाणं ऐकाले. सतरंजीवर जागा ठेवीन."

"अहो बाई, संध्याकाळी मिरवणूक निघायची आहे. पुढे वाजवायचं कुणी?"

सासूनं पदर खोचला. "ज्याची मिरवणूक हाय, त्यानं वाजवावं."

जीपच्या ड्रायव्हरनं हसू लपवायला तोंड फिरवलं. साहेब कडी मांडीवर घेऊन गेले. त्या बाईच्या तिखट जिभेखाली मी संसार काढला, पण ही जीभ आमच्याच घरात आहे याचा त्या दिवशी पहिल्यांदा मला अभिमान वाटला.

संध्याकाळी पेटी नव्हती. सासूनं सूर गळ्यातूनच धरला आणि सुखरामनं ढोलकावर थाप मारली. मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक वाजंत्र्यांविना चालली होती, आणि आमचं गाणं तिथपर्यंत पोचत होतं.