बबनच्या सर्टिफिकेटावरची नावं

मालिनीने तोच एक कागद सकाळपासून पाचव्यांदा छापला होता आणि आता तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. अंबरनाथ पूर्वेला, मेडिकलच्या दुकानावरच्या माळ्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास होता. म्हणजे क्लास सेठचा, राबायची ती. समोर क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी शरदचंद्रकाका खुर्ची ओढून ऐसपैस बसलेले, आणि दाराशी चपला काढून क्लबचा फास्ट बॉलर बबन उभा. बस म्हटलं तरी बसेना.

काम केवढं, तर बबनच्या बॉलिंगचं एका पानाचं सर्टिफिकेट. एमआयडीसीतल्या एका कंपनीला आपल्या टीमसाठी बॉलर हवा होता, आणि टीममध्ये घेतला की नोकरी पर्मनंट. बबन अठ्ठावीस वर्षांचा, कंत्राटदाराकडे रोजावर जाणारा, बुवापाड्यात दोन खोल्यांत सात माणसं. अशी संधी काय रोज चालून येते? कागद तीनच्या आत पोचायला हवा होता. उद्या शुक्रवार, इथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी, म्हणून यादी आजच बंद होणार होती.

वीस मिनिटांत उरकलंही असतं. पण मालिनीच्याच तोंडून एक शब्द निघून गेला.

"काका, खाली तुमचं नाव बोल्ड करू का?"

"मला कशाला बोल्ड करतेस? मी अजून बॅटिंगला उतरलो नाही."

"तसं नाही हो. कॉम्प्युटरमध्ये ठळक अक्षरांना बोल्ड म्हणतात."

काकांना आजवर बोल्ड म्हणजे दांडी गुल एवढंच ठाऊक. हा नवा बोल्ड त्यांना इतका आवडला की विचारू नका. मग अध्यक्षांना बोल्ड कर. उपाध्यक्षांना नाही केलं तर ते रुसून बसतील. दिनानाथरावांनी पिचवर अंथरायचं मॅटिंग दिलंय, त्यांना विसरून कसं चालेल? आपल्याकडे हँडबिल म्हटलं की नावांची जत्रा भरतेच, पण हे काय सत्यनारायणाच्या पूजेचं हँडबिल होतं? बघता बघता नऊ नावं झाली. बरं, स्क्रीनवर दाखवलं तर काकांना पटेना. "मला कागदावर दाखव," हे एकच पालुपद. की काढ नवीन प्रिंट.

त्यात प्रिंटरची रिबन जुनी. बोल्ड म्हटलं की प्रिंटर तेच अक्षर दोनदा ठोकायचा आणि उरलीसुरली शाई संपवायचा. नवी रिबन आणायला सेठ सकाळीच उल्हासनगरला, कॅम्प नंबर पाचमध्ये गेला होता, तो तिकडेच कुणा सिंधी दुकानदाराकडे चहा-पापड घेत बसला असणार.

"काका, रिबन मरायला टेकलीय," मालिनी दात आवळून म्हणाली. "निदान बबनचं नाव तरी बोल्ड करू द्या."

"खेळाडूचं नाव अध्यक्षांच्या बरोबरीनं? बरं दिसतं का ते? त्याचं काम बोलेल."

"राहू द्या मॅडम," बबन दारातून म्हणाला. "सीझनला एक्केचाळीस बोल्ड काढलेत, तेवढा आकडा नीट आला म्हणजे झालं."

मालिनीला काकांपेक्षा बबनचाच जास्त राग आला. अरे बाबा, नोकरी तुला हवीय ना? मग तोंड उघड की. आता कुणाला विचारायचंच नाही, सरळ त्याचं नाव बोल्ड करून मोकळं व्हायचं, असं ठरवून तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि लाइट गेली.

अडीच वाजले होते. हातात होता तो पाचवा कागद. त्यावर नऊ नावं दोनदा ठोकल्यामुळे कशीबशी उमटलेली, आणि मधला बबनचा मजकूर, नावासकट, खिडकीशी नेऊन तिरका धरला तरच दिसत होता. मालिनीने पेन उचललं, तसा काकांनी कागद ओढून घेतला.

"गिरवायचं नाही. खाडाखोड दिसली की सर्टिफिकेट बाद."

त्यांनी झोकात सही ठोकली, शिक्का मारला आणि कागद बबनच्या हातात दिला. बबनने तो शर्टाच्या आत घातला आणि सायकल दामटली. काका मात्र पुढचे दोन तास चहा मागवून तिथेच बसून राहिले.

साडेचारला बबन परत आला. घामाने निथळत होता. कागद तसाच हातात.

"घेतला नाही?" मालिनीने विचारलं.

"साहेबांनी बघितला. म्हणाले, या नऊ जणांतला बॉलर कोण? मी म्हटलं, मी. मग म्हणाले, तुझं नाव कुठंय? मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाले, इथं तर काहीच लिहिलेलं नाही." बबनने कागद टेबलावर ठेवला. "नवीन छापून आणतो म्हटलं. तोवर तीन वाजून गेले. दुसरा बॉलर घेतला त्यांनी."

मालिनीने कागद उचलून पुन्हा खिडकीशी तिरका धरला. काका खुर्चीत पुढे सरकले.

"पण आमची नावं वाचली ना त्यांनी?"

"वाचली काका," बबन म्हणाला. "सगळ्यांची वाचली."